बंदोबस्त हमरस्त्यावर, चोर गल्लीत

नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांच्या हाती अधूनमधून एक चमत्कारिक रिपोर्ट पडतो. बाळ दोन-अडीच महिन्यांचं. खोकल्याची उबळ सुरू झाली की थांबत नाही. चेहरा लाल होतो, मग जांभळा, शेवटी उलटी होते आणि बाळ गळून जातं. दोन उबळींच्या मधल्या वेळात मात्र ते बरं दिसतं. ताप नाही, असलाच तर नावाला. आजीनं घरीच निदान केलेलं असतं, ‘डांग्या दिसतोय.’ आणि रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशींचा आकडा असतो चाळीस-पन्नास हजार. या वयात तो साधारण सहा ते सतरा हजारांच्या दरम्यान असायला हवा.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचं संरक्षण करणारं मनुष्यबळ, एवढं शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असतं. ते तिप्पट झालं तर रोग हटायला हवा. डांग्या खोकल्यात उलटं घडतं. आकडा जितका वर चढतो तितकी डॉक्टरांची काळजी वाढते, आणि तो लाखाच्या पुढे गेला तर बाळाच्या जिवाला धोका असतो.

आणखी दोन गोष्टी जुळत नाहीत. जिवाणूंच्या संसर्गात एरवी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. इथे वाढतात त्या लिम्फोसाइट, म्हणजे सहसा विषाणूंच्या आजारात वाढणाऱ्या. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स जिवाणूचा निकाल लावत असला, तरी खोकला पुढे दोन-दोन महिने छळत राहतो. चिनी आणि जपानी भाषांत या आजाराला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, ते उगीच नाही.

या तिन्ही कोड्यांचं उत्तर जिवाणूच्या एकाच सवयीत आहे. बोर्डेटेला पर्ट्युसिस हा जिवाणू आपल्या प्रतिकारशक्तीशी समोरासमोर झुंजत नाही. तिच्या निरोपांची व्यवस्था तो बिघडवतो. बिघाड दुरुस्त व्हायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात त्याचं काम उरकलेलं असतं.

मुक्काम वरच्या वर

आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केस असलेल्या पेशींचा थर असतो. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि वर साचलेला चिकट स्राव, त्यात अडकलेली धूळ, परागकण, जंतू असं सगळं घशाच्या दिशेनं ढकलतात. आपण ते नकळत गिळून टाकतो. ओझरच्या रस्त्यावरची धूळ दिवसभर नाकात जाऊनही फुप्फुसं स्वच्छ राहतात ती यांच्यामुळे.

पर्ट्युसिस नेमका याच केसांना धरून बसतो. त्यासाठी त्याच्या अंगावर दोन-तीन प्रकारची चिकट प्रथिनं असतात. एक लांब धाग्यासारखं असून त्याचं नाव फिलामेंटस हीमॅग्लुटिनिन; दुसरं पर्टॅक्टिन; शिवाय अंगभर बारीक तंतू. पर्टॅक्टिन हे नाव लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

एकदा बूड टेकलं की तो वाढू लागतो. वाढताना त्याच्या भिंतीचे तुकडे सुटतात. बहुतेक जिवाणू हे तुकडे पुन्हा वापरतात. हा ते बाहेर सोडून देतो. या तुकड्याला श्वासनलिकेचं पेशीविष म्हणतात. तो केसाळ पेशींना मारतो, म्हणजे खरं तर शेजारच्या पेशींना चिथावून त्यांच्याकडून मारवतो. केस गेले की स्राव वर ढकलणारं कोणी उरत नाही. मग तो बाहेर काढायला एकच मार्ग राहतो, खोकला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की जिवाणू पृष्ठभागावरच राहतो, रक्तात शिरत नाही. मोठा ताप येत नाही याचं हे एक कारण. टायफॉइडचा जिवाणू रक्तात उतरतो आणि शरीरभर धुमाकूळ घालतो, तेव्हा सगळी यंत्रणा खडबडून जागी होते. हा वरच्या वर राहतो आणि आत फक्त आपली विषद्रव्यं पाठवतो.

वायरलेस ठप्प

त्यातलं मुख्य विष म्हणजे पर्ट्युसिस टॉक्सिन. ते काय करतं हे समजायला सिंहस्थातल्या पर्वणीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. बाहेरगावाहून मागवलेले पोलीस गाड्यांतून मुंबई-आग्रा महामार्गावर फिरताहेत. पंचवटीतल्या एका बोळात पाकीटमारांची टोळी शिरली. तिथल्या शिपायानं वायरलेसवर हाक दिली, अमुक बोळ, ताबडतोब या. महामार्गावरची गाडी द्वारका चौकात थांबते, पोलीस उतरतात आणि गल्ल्यांतून वाट काढत जागेवर पोचतात.

रक्तवाहिन्या म्हणजे तो महामार्ग, आणि शरीराच्या ऊती म्हणजे पंचवटीचे बोळ. पांढऱ्या पेशी रक्तातून फिरतात, पण काम करतात ऊतींमध्ये. रक्त ही त्यांची ये-जा करायची वाट आहे. कुठे उतरायचं हे त्यांना केमोकाइन नावाचे रेणू सांगतात. जिथे जंतू शिरलेत तिथल्या पेशी हे रेणू सोडतात. पांढऱ्या पेशीच्या अंगावर ते ओळखणारी ग्राहक-प्रथिनं असतात. ग्राहकाला केमोकाइन चिकटला की पेशीच्या आतल्या बाजूला असलेलं जी-प्रथिन चालू होतं, आणि ते पेशीला सांगतं: वेग कमी कर, वाहिनीच्या भिंतीला चिकट, फटीतून बाहेर पड.

पर्ट्युसिस टॉक्सिनचे सहा तुकडे असतात. पाच तुकडे पेशीला चिकटतात, सहावा आत शिरतो. आत गेल्यावर तो या जी-प्रथिनाच्या एका प्रकारावर एक छोटा रासायनिक गट चिकटवून टाकतो. बस, एवढंच. जी-प्रथिन आता ग्राहकाशी जोडलं जाऊ शकत नाही. केमोकाइन येतो, ग्राहकाला चिकटतो, पण निरोप पेशीच्या आत पोचत नाही. बोळातला शिपाई ओरडतोय, त्याचं यंत्र ठीक आहे, हवेत लहरीही आहेत. गाडीतल्या प्रत्येक पोलिसाचा संच मात्र मुका झालाय.

आता रिपोर्टातला तो आकडा पुन्हा पाहा. लिम्फोसाइट पेशी सतत रक्तातून लसीका ग्रंथींत जातात, तिथे थोडा वेळ थांबतात आणि परत रक्तात येतात. विषामुळे त्यांना ग्रंथीत उतरता येत नाही. त्या महामार्गावरच फिरत राहतात. प्रयोगशाळेत बोटातून घेतलेल्या थेंबात त्यांची गर्दी दिसते, आणि आपल्याला वाटतं की फौज वाढली. प्रत्यक्षात ज्यांनी बोळांत असायला हवं होतं ते सगळे द्वारकेला अडकून पडलेत. नाशिककरांना या दृश्याची कल्पना देण्याची गरज नाही.

गर्दीचे दोन तोटे होतात. लसीका ग्रंथी ही लिम्फोसाइटना जंतूची ओळख करून देण्याची जागा; तिथे त्या पोचल्याच नाहीत तर नेमक्या या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं तयार व्हायला उशीर होतो. दुसरा तोटा तान्ह्या बाळांच्या जिवावर उठतो. पेशींची संख्या अतोनात वाढली की फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या तुंबतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब वाढतो आणि हृदय थकतं. म्हणूनच काही गंभीर बाळांच्या बाबतीत अंगातलं रक्त थोडं थोडं काढून त्या जागी दुसरं रक्त देतात, केवळ त्या पेशी कमी व्हाव्यात म्हणून. संरक्षक पेशी काढून टाकणं हा उपचार! वैद्यकातल्या उलट्या गोष्टींची यादी केली तर ही बरीच वर असेल.

हे सगळं खरोखर एका विषामुळे होतं का? याचा पुरावा निसर्गानंच ठेवलाय. या जिवाणूचा पॅरापर्ट्युसिस नावाचा जवळचा भाऊ आहे. त्याच्याकडे या विषाचं जनुक आहे, पण ते बंद पडलेलं. त्याच्या संसर्गातही डांग्यासारखा खोकला होतो, बहुधा सौम्य. मात्र लिम्फोसाइटचा तो डोंगर दिसत नाही. डेन्मार्कनं तर १९९७पासून आपल्या बाळांना अशी लस दिली की जिच्यात पर्ट्युसिसचा एकच घटक आहे, निष्प्रभ केलेलं हे विष. तेवढ्यावरही तिथे आजार बराच काळ आटोक्यात राहिला.

जे पोचले त्यांचं काय होतं

सगळेच संच मुके होत नाहीत. श्वासनलिकेत मुळातच काही भक्षक पेशी वस्तीला असतात, आणि काही न्यूट्रोफिल धडपडत येऊन पोचतात. त्यांच्यासाठी दुसरं विष आहे, अ‍ॅडेनिलेट सायक्लेज टॉक्सिन.

याची करामत बघण्यासारखी आहे. भक्षक पेशींच्या अंगावर जंतू पकडायला मदत करणारं एक ग्राहक-प्रथिन असतं. हे विष त्यालाच धरतं आणि पेशीच्या आवरणातून सरळ आत घुसतं. जिवाणूच्या अंगात असताना ते जवळजवळ निष्क्रिय असतं. त्याला जागं करायला लागणारं कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन जिवाणूकडे नसतंच. ते असतं आपल्या पेशींमध्ये. म्हणजे हे शस्त्र शत्रूच्या घरात गेल्यावरच चालू होतं, आणि तेही त्याच घरातल्या सामानावर.

चालू झालं की ते पेशीतली ऊर्जा साठवणारे एटीपी रेणू झपाट्यानं सायक्लिक एएमपी या रेणूत बदलू लागतं. सायक्लिक एएमपी पेशीला नेहमीच हवा असतो, थोडासा. तो तिला ‘शांत राहा’ असं सांगतो. इथे तो इतका साठतो की पेशी कामच थांबवते. जंतू गिळणं बंद, गिळलेला जंतू मारायला लागणारी जहाल रसायनं बनवणंही बंद. पेशी जिवंत असते, जंतूच्या शेजारी असते आणि काहीही करत नाही.

पर्ट्युसिस टॉक्सिन दूरवर पसरतं, हे दुसरं विष जवळच्या अंतरात काम करतं. पहिलं मदत येऊ देत नाही, दुसरं आलेल्या मदतीचे हात बांधतं. दोघांची कामं इतकी नेमकी वाटून दिलेली आहेत की यामागे योजना असावी असं वाटतं. योजना कसली, ज्या जिवाणूंकडे असं काही नव्हतं ते केव्हाच संपले.

बोर्दे यांचे दोन शोध

ब्रुसेल्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ साली हा जिवाणू पहिल्यांदा वाढवून दाखवला. तो नखरेल असल्यामुळे त्यांनी बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त यांचं खास माध्यम तयार केलं. बोर्डेटेला हे नाव बोर्दे यांच्यावरूनच आलं. पण १९१९चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते निराळ्या कामासाठी. रक्तात काही प्रथिनं असतात, ती प्रतिपिंडांच्या मदतीनं जिवाणूंच्या आवरणाला भोकं पाडतात, हे त्यांनी त्याआधी शोधलं होतं. या प्रथिनांना आज आपण कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक प्रथिनं म्हणतो.

गंमत अशी की बोर्दे यांच्या नावाचा जिवाणू बोर्दे यांनी शोधलेल्या या हत्यारातून निसटण्यात पटाईत आहे. पूरक प्रथिनांचा हल्ला चुकून आपल्याच पेशींवर होऊ नये म्हणून शरीरात त्याला लगाम घालणारी वेगळी प्रथिनं असतात. पर्ट्युसिसच्या अंगावरचं व्हॅग-८ नावाचं प्रथिन त्यातल्या एकाला, सी-वन इनहिबिटरला, धरून स्वतःच्या अंगावर ओढून घेतं. पूरक प्रथिनं जवळ आली की त्यांना लगाम लागतो. बीआरकेए नावाचं आणखी एक प्रथिन याच कामात हातभार लावतं.

इथेच खोकल्याच्या कोड्याचा धागा हाती लागतो. तो हाती यायला मात्र २०२२ साल उजाडावं लागलं. सी-वन इनहिबिटरकडे शरीरानं आणखी एक काम सोपवलेलं आहे: ब्रॅडिकायनिन नावाचा, वेदना आणि सूज वाढवणारा रेणू जास्त बनू न देणं. जिवाणूनं सी-वन इनहिबिटर बळकावला की ब्रॅडिकायनिन वाढतो. रक्तदाबावरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना जी कोरड्या, चिवट खोकल्याची तक्रार असते, तिच्यामागेही हाच रेणू असल्याचं मानलं जातं. जपानमधल्या ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की व्हॅग-८ आणि जिवाणूच्या आवरणातला मेदयुक्त घटक मिळून ब्रॅडिकायनिन वाढवतात, आणि तो श्वासमार्गातल्या मज्जातंतूंवरचा एक विशिष्ट ग्राहक हळवा करून ठेवतो. कुठला ग्राहक? मिरचीचा तिखटपणा ओळखणारा, फोडणीत मिरची जळाली की ठसका लावणारा. त्यात पर्ट्युसिस टॉक्सिन भर घालतं: मज्जातंतूंना शांत करणारे निरोपही जी-प्रथिनांमार्फतच जातात, आणि ते तर त्यानं आधीच बंद पाडलेले असतात.

प्रतिजैविकं जिवाणू मारतात. बदललेली जी-प्रथिनं, हळवे झालेले मज्जातंतू, गळून गेलेले सूक्ष्म केस यांच्यावर त्यांचा काही इलाज चालत नाही. पेशींनी नवी प्रथिनं बनवायची, नव्या केसाळ पेशी उगवायच्या, हे सगळं आपापल्या गतीनं होतं. म्हणून औषध पहिल्या एक-दोन आठवड्यांत, साध्या सर्दीसारख्या टप्प्यात, मिळालं तरच खोकला सौम्य होतो. त्या टप्प्यात डांग्याची शंका कोणालाच येत नाही, हा या आजाराचा खोडसाळपणा. नंतर दिलेलं औषध रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांच्या उपयोगाचं: संसर्ग पुढे जाणं थांबतं.

आठवण का टिकत नाही

२०२२च्या अखेरीस मालेगावात आणि मुंबईत गोवर उसळला तेव्हा घरातल्या मोठ्यांना फारशी भीती नव्हती. गोवर एकदा होऊन गेला की सहसा आयुष्यभर परत होत नाही. डांग्याचं तसं नाही. तो होऊन गेला तरी संरक्षण काही वर्षांत, फार तर वीसेक वर्षांत, ओसरतं. लशीचं त्याहून लवकर.

यामागेही जिवाणूचा हात आहे. फिलामेंटस हीमॅग्लुटिनिन, तेच ते चिकट प्रथिन, प्रतिकारशक्तीच्या काही पेशींना इंटरल्युकिन-१० नावाचा रेणू सोडायला लावतं. हा रेणू वाद मिटवणारा. तो असला की भडका उडवणाऱ्या टी-पेशींऐवजी (या लिम्फोसाइटचाच एक प्रकार) आवर घालणाऱ्या टी-पेशी तयार होऊ लागतात. शरीराला अशा आवर घालणाऱ्या पेशी हव्यातच, नाहीतर प्रत्येक परागकणावर युद्ध पेटेल. जिवाणू त्यांचाच आडोसा घेतो. त्याच्या आवरणातला मेदयुक्त घटकही इतर अनेक जिवाणूंच्या मानानं प्रतिकारशक्तीला कमी डिवचतो.

हा एवढा पक्का कसा झाला याचं उत्तर त्याच्या जनुकांत सापडतं. २००३ साली इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटनं त्याची संपूर्ण जनुकमाला वाचली. त्याचे पूर्वज कुत्र्यांना खोकला लावणाऱ्या बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिकासारखे होते. ती जात अनेक प्राण्यांत राहू शकते. पर्ट्युसिसनं माणसात राहायला लागल्यावर हजाराच्या आसपास जनुकं सोडून दिली किंवा बंद पडू दिली. आता तो माणसाशिवाय कुठेच टिकत नाही. कुठल्याही प्राण्यात नाही, पाण्यात नाही, मातीत नाही. त्याच्यापाशी उरलंय ते बहुतांशी माणसाच्या श्वासनलिकेत कामाला येणारं.

दुखणारी सुई, न दुखणारी सुई

नाशिकमध्ये नव्या आईबापांना हमखास पडणारा प्रश्न: महापालिकेच्या दवाखान्यातली ट्रिपलची सुई द्यायची, की कॉलेज रोडवरच्या खासगी दवाखान्यात मिळणारी ‘पेनलेस’? पहिलीनं बाळाला रात्रभर ताप येतो, मांडी सुजते, गाठ येते, बाळ रडून रडून घर डोक्यावर घेतं. दुसरी महाग, पण रात्र शांत जाते. बहुतेक लोक हा प्रश्न पैशांचा आणि मायेचा समजतात. आतापर्यंतचं वाचल्यावर तो प्रतिकारशक्तीचा आहे हे लक्षात येईल.

दुखणाऱ्या लशीत पर्ट्युसिसचे अख्खे, पण मारलेले जिवाणू असतात. ही पद्धत अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९३०च्या दशकात पर्ल केन्ड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींनी भरवशाची करून दाखवली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह भारतातल्या कंपन्या आजही अख्ख्या जिवाणूची लस बनवतात. न दुखणाऱ्या लशीत जिवाणू नसतोच. त्याची एक ते पाच शुद्ध केलेली प्रथिनं असतात, निष्प्रभ केलेलं पर्ट्युसिस टॉक्सिन त्यात नक्की.

न दुखणारी लस जन्माला आली जपानमध्ये, एका कटू प्रसंगानंतर. १९७५च्या सुमारास दोन बाळांच्या मृत्यूंचा संबंध लशीशी जोडला गेला, लसीकरण थांबलं आणि नंतर घसरून दहा टक्क्यांच्या आसपास आलं. १९७४ साली ज्या देशात चारशेहून कमी रुग्ण होते आणि एकही मृत्यू नव्हता, तिथे १९७९ साली तेरा हजार रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले. लोकांना स्वीकारार्ह वाटेल अशी सौम्य लस हवी होती. १९८१पासून ती तिथे वापरात आली आणि पुढे श्रीमंत देशांनी उचलली.

सौम्य लशीचा तोटा कळायला बराच काळ गेला. २०१४ साली अमेरिकेत बबून माकडांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न दुखणारी लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जिवाणू आठवडेच्या आठवडे राहिला, आणि सोबत ठेवलेल्या माकडांना लागणही झाली. अख्ख्या जिवाणूची लस दिलेल्या माकडांनी तो लवकर हटवला. ज्यांना आधी आजार होऊन गेला होता त्यांच्या घशात तो टिकलाच नाही.

कारण असं: अख्ख्या जिवाणूच्या लशीत आवरणातला मेदयुक्त घटक आणि शेकडो प्रथिनं असतात. त्यांनी शरीर खऱ्याखुऱ्या हल्ल्याइतकं सावध होतं. ताप आणि सूज ही त्या सावध होण्याचीच खूण. त्यातून अशा टी-पेशी घडतात ज्या श्वसनमार्गाच्या पृष्ठभागावर जाऊन भक्षक पेशींना जोर देतात. मोजक्या शुद्ध प्रथिनांच्या लशीनं रक्तात प्रतिपिंडं भरपूर बनतात, विष निकामी होतं, मूल वाचतं. पृष्ठभागावर बसलेला जिवाणू मात्र बराचसा सुखरूप राहतो.

आणि आता पर्टॅक्टिन. न दुखणाऱ्या अनेक लशींत ते असतं. जिथे वर्षानुवर्षं अशीच लस वापरली गेली त्या देशांत पर्टॅक्टिन बनवणंच सोडून दिलेले जिवाणू पसरले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तर ते बहुसंख्य झाले. ज्या प्रथिनावर प्रतिपिंडं नेम धरतात तेच टाकून दिलं, तर नेम धरायला काही उरत नाही. विष टाकून देणं त्याला परवडलेलं दिसत नाही, आणि म्हणून लस अजून उपयोगी आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं पहिले तीन डोस शक्यतो अख्ख्या जिवाणूच्या लशीचेच द्यावेत असं म्हटलंय. माझं मतही तेच, आणि त्यात काटकसरीचा भाग नाही. एका रात्रीचा ताप आणि मांडीवरची गाठ हा महाग सौदा नव्हे. ज्या बाळाला पूर्वीच्या डोसनंतर गंभीर त्रास झालाय त्याचं वेगळं. तिथे डॉक्टर सांगतील तसं. आणि ज्यांनी न दुखणारी दिलीय त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. बाळाला गंभीर आजारापासून तीही वाचवते.

चौकट: सरकारी लसीकरणात डांग्याची लस केव्हा
• ६ आठवडे, १० आठवडे, १४ आठवडे: पेंटाव्हॅलंट (घटसर्प, डांग्या, धनुर्वात, हिपॅटायटिस बी, हिब)
• १६ ते २४ महिने: डीपीटीचा पहिला बूस्टर
• ५ ते ६ वर्षे: डीपीटीचा दुसरा बूस्टर
• १० आणि १६ वर्षे: टीडी. यात डांग्याचा घटक नाही.
डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेले डोस पुढे द्यायचे.

पहिले सहा आठवडे

लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम भारतात १९७८ साली सुरू झाला. तरी १९८७ साली देशात डांग्याचे सुमारे १ लाख ६३ हजार रुग्ण नोंदले गेले होते. नंतर आकडा खूप उतरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१मध्ये, महाराष्ट्रातल्या वर्ष-दोन वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७३ टक्क्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं आढळलं. उरलेल्या चौथाईत कोण असतं, हे नाशिक जिल्ह्यात शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीनंतर सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतली कुटुंबं द्राक्षाच्या कामांसाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात. बाळाची नोंद गावच्या आशाताईंकडे, बाळ मळ्यातल्या झोपडीत. दहाव्या आठवड्याचा डोस या दोन ठिकाणांच्या मध्ये कुठेतरी हरवतो.

तान्ह्या बाळाला डांग्या देतं कोण? बहुतेक वेळा घरातलंच माणूस. लहानपणची लस ओसरलेली आई, शाळेतून खोकला घेऊन आलेला भाऊ, महिनाभर ‘ऊन-वाऱ्याचा’ खोकला खोकणारे आजोबा. मोठ्यांच्या श्वासनलिका रुंद, आणि जुन्या लशीची थोडीफार आठवण शिल्लक. त्यांचं खोकल्यावर निभावतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर अनेकदा ती प्रसिद्ध ‘हूप’, म्हणजे उबळीनंतर श्वास ओढतानाचा आवाजही, काढता येत नाही. ते खोकत नाही, श्वास घ्यायचंच थांबतं. ओठ निळे पडणं, मध्येच श्वास थांबणं, दूध पिताना गुदमरणं, यातलं एकही दिसलं तर खोकल्याच्या औषधाची बाटली बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. मोठ्यांचा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला आणि घरात तान्हं मूल असेल, तर नाकाच्या मागच्या भागातला स्वॅब घेऊन पीसीआर चाचणी करता येते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ती विश्वासार्ह असते, नंतर जिवाणू सापडणं अवघड होत जातं.

पहिली लस सहाव्या आठवड्याला. त्याआधी बाळाकडे स्वतःचं काही नसतं, आईकडून वारेतून आलेली प्रतिपिंडं तेवढी. आईला गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅप नावाची लस दिली, तर विषाविरुद्धची प्रतिपिंडं तिच्याकडून बाळाला मिळतात. ब्रिटननं २०१२ साली हे सुरू केलं आणि तीन महिन्यांखालच्या बाळांत सुमारे नव्वद टक्के संरक्षण मिळाल्याचं तिथे मोजलं गेलं. भारतातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही ही लस सुचवते. आपल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळते ती टीडी. तीत धनुर्वात आणि घटसर्प आहेत, डांग्या नाही. टीडॅप खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते.

औषधांवर विसंबणंही अवघड होत चाललंय: चीनमध्ये गेल्या काही वर्षांत अ‍ॅझिथ्रोमायसिनला न जुमानणारे पर्ट्युसिसचे वाण मोठ्या प्रमाणावर पसरलेत, जपानमध्येही ते सापडलेत. त्यांच्या जनुकमालेत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या एका जागी एकच अक्षर बदललंय, आणि तेवढ्यानं औषध तिथे चिकटत नाही. अशा वेळी पर्याय म्हणून कोट्रायमोक्सॅझोल देतात. दोन महिन्यांखालच्या बाळाला ते देत नाहीत.